घरांतील बिनतारी प्रिंटर ‘ऑफलाइन’ कां होतो ?

पूर्वीं मध्यम स्थितींतील घरांत भिंतीवरचें घड्याळ, शिवणाचें यंत्र आणि फार तर एखादा रेडिओ एवढींच यंत्रें असत. तीं बिघडलीं तर बिघाड डोळ्यांना दिसे. घड्याळाची कमान तुटे, शिवणयंत्राचा पट्टा सैल होई, रेडिओचा व्हॉल्व्ह जळे. आजच्या घरांत शिरलेल्या यंत्रांचें दुखणें मात्र निराळें आहे. प्रिंटर जागच्या जागीं उभा असतो. त्याचा दिवा लागलेला असतो. शाई भरलेली असते, कागद घातलेला असतो. आणि तरीहि संगणक शांतपणें सांगतो कीं, प्रिंटर ‘ऑफलाइन’ आहे. कांहीं तुटलेलें नाहीं, कांहीं जळलेलें नाहीं, आणि काम तर अडलेलें आहे, असा हा प्रकार असतो.

काम अडतें तेंहि नेमकें अडूं नये अशा वेळीं. नातीच्या परीक्षेचें प्रवेशपत्र आदल्या रात्रींच छापून हवें असतें. आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे नोव्हेंबरांतील कागद असतात, सुनेच्या कचेरीचीं पत्रें असतात, आजींना मोठ्या टाइपांत हवें असलेलें एखादें स्तोत्र असतें. एकत्र कुटुंबांत आठदहा माणसांमिळून प्रिंटर एकच असतो, आणि त्याचें ‘समजणारा’ माणूसहि बहुधा एकच असतो. तो माणूस नोकरीनिमित्त परदेशीं गेला म्हणजे घराची मोठी पंचाईत होते. पुण्यांत दुपारचे बारा वाजतात तेव्हां न्यूयॉर्कांत मध्यरात्र उलटलेली असते. एक कागद छापण्यासाठीं बापानें मुलाच्या झोंपेतून उठण्याची वाट पाहत बसावें, हें त्या बापालाहि आवडत नाहीं आणि मुलालाहि नाहीं. हें परावलंबन अगदीं अनावश्यक आहे, असें आमचें मत आहे. प्रिंटर ‘ऑफलाइन’ होण्याचीं कारणें मोजकीं आहेत, तीं ओळखण्याची रीत सोपी आहे, आणि बहुतेक उपाय घरच्या कोणालाहि करतां येण्याजोगे आहेत. तेच येथें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘ऑफलाइन’ हा कोणाचा शब्द ?

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. ‘ऑफलाइन’ हें प्रिंटरचें निवेदन नव्हे. तो संगणकाचा अभिप्राय होय. संगणकानें एका ठराविक पत्त्यावर जाऊन हाक मारली, थोडा वेळ वाट पाहिली, आणि ओ आली नाहीं. एवढ्यावरून त्यानें निकाल दिला कीं, घरांत कोणी नाहीं. परंतु दार ठोठावणाऱ्यास उत्तर न मिळण्याचीं कारणें एकापेक्षां अधिक असूं शकतात. घरधनी गाढ झोंपलेला असेल. त्यानें बिऱ्हाड बदललें असेल. वाटेवरचा पूल वाहून गेला असेल. किंवा ‘हें घर बंद असतें’ ही जुनी समजूत मनांत धरून पाहुणा दाराशीं न जातांच परतला असेल. झोंप, बिऱ्हाड, वाट आणि हेका ! घरगुती प्रिंटरचें जवळजवळ प्रत्येक दुखणें या चारांपैकीं एकांत बसतें.

सर्वसाधारण रिवाज असा आहे कीं, प्रिंटर रुसला म्हणजे सगळींच यंत्रें बंद करून पुन्हां चालू करावीं. या उपायानें पुष्कळदां गुण येतो, आणि म्हणूनच खरें निदान मागें पडतें. यंत्र पुन्हां चालू झालें म्हणजे तें नव्यानें जाळ्यांत शिरतें, नव्यानें पत्ता मागून घेतें, आणि काम चालतें. पण मुळांतलें कारण तसेंच राहिल्यामुळें आठ दिवसांनीं पुन्हां पहिले पाढे पंचावन्न. ताप उतरला म्हणजे रोग गेला, असें कोणताहि वैद्य म्हणणार नाहीं.

पत्ते वाटणारा कारभारी

घरांतील राउटर दोन स्वतंत्र कामें करतो. एक, घराला बाहेरच्या जगाशीं जोडणें. आणि दुसरें, घरांतल्या घरांत संगणक, मोबाइल, प्रिंटर यांना एकमेकांशीं बोलूं देणें. छापण्यासाठीं लागतें तें हें दुसरें काम. म्हणून ‘नेट नाहीं, तर प्रिंट कशी निघणार ?’ हा प्रश्न बहुधा चुकीचा असतो. बाहेरची तार तुटली तरी राउटर चालू आहे तोंपर्यंत घरांतला कागद संगणकांतून प्रिंटरपर्यंत सामान्यतः जाऊं शकतो. कंपनीच्या दूरच्या यंत्रांमार्फत छापण्याची योजना ज्यांनीं घेतली असेल, त्यांची गोष्ट वेगळी.

घरांतील प्रत्येक यंत्रास चार आंकड्यांचा एक पत्ता असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२३. साध्या घरगुती मांडणींत यांतील पहिले तीन आंकडे सर्व घरास सामाईक, म्हणजे आडनांवासारखे. शेवटचा ज्याचा त्याचा. हे पत्ते राउटर आपोआप वाटतो. या वांटपाची पद्धत १९९३ सालीं प्रथम नियमबद्ध झाली, आणि तिचें नांव डीएचसीपी. तिच्यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, पत्ता कायमचा दिला जात नाहीं. तो मुदतीच्या भाड्यानें दिला जातो. कित्येक राउटरांत ही मुदत चोवीस तासांची असते. यंत्र चालू असेल तर अर्धी मुदत संपतांच तें नूतनीकरण मागून घेतें आणि पत्ता टिकतो. यंत्र बंद असेल तर मुदत संपल्यावर ती जागा रिकामी समजली जाते.

आतां गौरी-गणपतीचे दिवस डोळ्यांपुढें आणा. घरांत आवराआवर चालली आहे म्हणून प्रिंटरची वायर काढून तो माळ्यावर किंवा कोपऱ्यांत ठेवला आहे. पंधरा पाहुणे येतात, म्हणजे पंधरा मोबाइल येतात, आणि प्रत्येकजण चहाच्या आधीं वायफायचा पासवर्ड विचारतो. राउटर आपला पत्ते वांटीत सुटतो, आणि प्रिंटरची जुनी जागा एखाद्या मावसभावाच्या मोबाइलास मिळते. उत्सव उरकल्यावर प्रिंटर पुन्हां लावला जातो व त्यास नवा पत्ता मिळतो. परंतु संगणकाच्या वहींत जुनाच पत्ता लिहिलेला ! तो इमानानें त्या जुन्या दाराशीं जाऊन हाक मारतो, आणि अर्थातच ओ येत नाहीं. यांत प्रिंटरचा दोष नाहीं, संगणकाचा नाहीं, पाहुण्यांचाहि नाहीं. बिऱ्हाड बदलल्याचें कोणीं कोणास कळविलें नाहीं, इतकेंच.

यावर उपाय एकच आणि तो पक्का आहे. राउटरला सांगून ठेवावें कीं, अमुक पत्ता प्रिंटरसाठीं राखीव आहे. तो दुसऱ्या कोणास द्यावयाचा नाहीं. प्रत्येक यंत्रास कारखान्यांतूनच बारा चिन्हांचा एक ओळख-क्रमांक मिळालेला असतो. त्यास मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. प्रिंटरच्या पटलावरील सेटिंग्जमधून ‘नेटवर्क’ची माहिती छापून काढली कीं, त्या पानावर हा क्रमांक व चालू पत्ता हे दोन्ही सांपडतात. मग संगणकाच्या ब्राउझरमध्यें राउटरचा पत्ता टंकून त्याचें पान उघडावें. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि कित्येकदां राउटरच्या बुडाशीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर छापलेला असतो. तेथें डीएचसीपीच्या सदरांत ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ या नांवाची सोय असते. तींत मॅक क्रमांक व इच्छिलेला पत्ता भरून जतन करावें, आणि प्रिंटर एकदां बंद-चालू करावा. सारें काम दहा-पंधरा मिनिटांचें आहे.

कोणी असें सुचवितात कीं, प्रिंटरच्याच सेटिंग्जमध्यें कायमचा पत्ता लिहून टाकावा. तसें करतां येतें. पण तो आंकडा राउटर वांटीत असलेल्या आंकड्यांच्या बाहेरचा असला पाहिजे. नाहींतर एक दिवस तोच पत्ता राउटर दुसऱ्याहि यंत्रास देतो, आणि एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडें नांदूं लागतात. शिवाय राउटर बदलला म्हणजे हा हातानें लिहिलेला पत्ता निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. म्हणून आमचा कौल राखीव पत्त्यालाच आहे.

निदानाचे चार प्रश्न

वैद्य ज्याप्रमाणें प्रथम नाडी पाहतो, त्याप्रमाणें कोणताहि उपाय करण्यापूर्वीं पुढील चार प्रश्न याच क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : प्रिंटर स्वतः जाळ्यावर आहे काय ? बहुतेक प्रिंटरांवर वायफायचा लहान दिवा असतो. तो स्थिर असला तर जोडणी आहे, लुकलुकत असला तर प्रिंटर अजून शोधांत आहे. दिव्यावर विसंबूं नये. वर सांगितलेलें माहितीचें पान छापून पाहावें. पानच निघत नसेल तर दुखणें कागदाचें किंवा शाईचें आहे, जाळ्याचें नव्हे. पानावरील पत्ता १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर समजावें कीं प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाहीं. त्यानें स्वतःच आपलें तात्पुरतें नांव ठेवून घेतलें आहे. अशा वेळीं प्रिंटरची वायफायशीं जोडणी नव्यानें करावी.

दुसरा प्रश्न : अडचण एकाच यंत्रास आहे कीं सर्वांस ? वडिलांच्या संगणकावरून छापलें जात नाहीं, पण आईच्या मोबाइलवरून जातें, तर प्रिंटर व राउटर निर्दोष आहेत. शोध वडिलांच्या संगणकांत घ्यावा. कोणाकडूनच जात नसेल तर उलट.

तिसरा प्रश्न : प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्यें टंकला असतां काय होतें ? हल्लींच्या बहुतेक बिनतारी प्रिंटरांच्या पोटांत त्यांचें स्वतःचें एक लहानसें पान असतें. तें उघडलें तर वाट मोकळी आहे असें निश्चित झालें. न उघडलें तर वाटच बंद आहे. ही एक परीक्षा इतकी निर्णायक आहे कीं, वाचकांनीं लेखांतील बाकी सर्व विसरलें तरी चालेल, पण ही विसरूं नये.

चौथा प्रश्न : पान उघडतें, पण कागद निघत नाहीं, असें आहे काय ? असेल तर संगणकाची समजूत चुकलेली आहे. ती कशी दुरुस्त करावी, हें पुढें सांगितलें आहे.

एका घरांत दोन चुली

आतां एकत्र कुटुंबांचें खास दुखणें. दुमजली घर आहे. खालीं आईवडील व थोरले बंधू, वर धाकट्यांचा संसार. इंटरनेटची तार खालच्या दिवाणखान्यांत येते, आणि वरच्या मजल्यावर वायफाय क्षीण पोंचतें. म्हणून धाकटे बंधू बाजारांतून दुसरा राउटर आणतात, खालच्या राउटरपासून एक तार वर नेऊन त्यांत खुपसतात, आणि वर उत्तम वायफाय मिळूं लागतें. सर्वांस आनंद होतो. त्या दिवसापासून मात्र खालचा प्रिंटर वरच्या मजल्यावरून दिसेनासा होतो. कधीं दिसतो, कधीं नाहीं. कारण मोबाइल जिन्यावरून खालीं येतां येतां एका राउटरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो.

झालें असें कीं, दुसऱ्या राउटरनें घरांत कोणास न विचारतां वेगळी चूल मांडली. तोहि स्वभावतः पत्ते वाटणाराच आहे. खालचा राउटर १९२.१६८.१ या आडनांवाचे पत्ते देत होता; वरचा १९२.१६८.० या आडनांवाचे देऊं लागला. प्रिंटर स्वतःची ओळख जाळ्यावर पुकारून देत असतो, पण ती पुकार एका चुलीपुरतीच ऐकूं येते. वरचीं यंत्रें खालच्या प्रिंटरचा आंकडी पत्ता ठाऊक असल्यास कशींबशीं पोंचूं शकतात; पण प्रिंटर वर असेल तर खालच्यांना तो सहसा मुळींच गांठतां येत नाहीं.

उपाय वेगळेपणा मिटविण्याचा आहे. पुष्कळ राउटरांत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ नांवाची सोय असते. ती निवडली म्हणजे दुसरा राउटर पत्ते वाटणें सोडतो आणि केवळ पहिल्याचा हात लांबवितो. ही सोय नसल्यास त्याची डीएचसीपी बंद करावी, त्याला पहिल्याच मालिकेंतील एक मोकळा पत्ता द्यावा, आणि खालून आलेली तार ‘वॅन’ असें लिहिलेल्या भोंकांत न घालतां ‘लॅन’च्या भोंकांत घालावी. एवढें केलें कीं, घर पुन्हां एका चुलीवर येतें. नव्यानेंच खरेदी करावयाची असेल तर सुटे राउटर जोडण्यापेक्षां ‘मेश’ या नांवानें मिळणारा संच घ्यावा. तो मुळांतच एक जाळें म्हणून वागण्यासाठीं बनविलेला असतो.

याच जातीचीं आणखी दोन कारणें आहेत. राउटरमध्यें पाहुण्यांसाठीं निराळें वायफाय ठेवण्याची सोय असते, आणि तें हेतुपुरस्सर घरच्या यंत्रांपासून तोडलेलें असतें. घरच्याच कोणाचा मोबाइल चुकून त्यावर राहिला तर त्यास प्रिंटर दिसणार नाहीं. आणि हा दोष नसून ती राखणच होय. दुसरें कारण म्हणजे कचेरीचा व्हीपीएन. घरीं बसून काम करणाऱ्या मुलाचा किंवा सुनेचा संगणक व्हीपीएन चालू असतांना बहुतेक वेळां जणूं कचेरींतच बसलेला असतो; शेजारच्या मेजावरील प्रिंटर त्यास परका होतो. छापण्यापुरता व्हीपीएन बंद करावा, किंवा कचेरीच्या माहीतगारांकडून घरच्या जाळ्याची परवानगी मागून घ्यावी. कचेरीचे नियम आपल्या मनानें मोडूं नयेत.

भिंती, कपाटें आणि लहरी

बिनतारी लहरी भिंतींतून आरपार जातात, हें जगदीशचंद्र बोस यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच कलकत्त्यांत दाखवून दिलें होतें. पण आरपार जाणें म्हणजे न थकतां जाणें नव्हे. घरगुती वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतें : २.४ गिगाहर्ट्‌झ व ५ गिगाहर्ट्‌झ. पहिल्याची लहर सुमारें १२.५ सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याच्या आसपास. लांब लहर भिंतींतून त्यांतल्या त्यांत बरी निभावते. आंखूड लहर वेगवान असली तरी लवकर थकते. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या जाड भिंती, लोखंडी कपाटें, मोठे आरसे, फ्रीज आणि पाण्याच्या टाक्या हे या लहरींचे खरे शत्रु. प्रिंटर अडगळींत, जिन्याखालीं किंवा लोखंडी कपाटाच्या आड ठेवण्याची आपल्याकडे फार संवय आहे. जागा वाचते, पण संबंध तुटत राहतो. हातभर पुढें सरकविल्यानेंहि पुष्कळदां फरक पडतो.

स्वस्त प्रिंटरांपैकीं बहुतेकांना २.४ चाच पट्टा कळतो. म्हणून बरेच जण समजतात कीं, मोबाइल ५ च्या पट्ट्यावर असला तर त्यावरून छापतां येणार नाहीं. हा समज खरा नाहीं. दोन्ही पट्टे एकाच राउटरच्या एकाच जाळ्याचे असल्यास राउटर त्यांची गांठ घालून देतो. अडचण येते ती प्रिंटर प्रथम जोडतांना. त्या वेळेपुरता मोबाइल २.४ वर ठेवावा. दाट वस्तींत २.४ च्या पट्ट्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते. तेथें राउटरमध्यें १, ६ किंवा ११ या वाहिन्यांपैकीं कमी गर्दीची एक ठरवून द्यावी, कारण या तीन एकमेकींवर चढत नाहींत. तसेंच नव्या राउटरवर डब्ल्यूपीए३ ही नवी कुलूप-पद्धत एकटीच चालू ठेवली असेल, तर जुन्या प्रिंटरला तें कुलूप उघडतां येत नाहीं. डब्ल्यूपीए२ व ३ अशी मिश्र निवड करावी.

विजेचा लपंडाव आणि यंत्राची झोंप

वीज जाऊन परत आली म्हणजे घरांतील सर्व यंत्रें एकदम जागीं होतात, पण सारख्या वेगानें नव्हे. राउटरला पूर्ण सावध होण्यास दोन-तीन मिनिटें लागूं शकतात. प्रिंटर कित्येकदां त्याच्या आधींच तयार होऊन वायफाय शोधूं लागतो. तें न सांपडल्यामुळें कांहीं जुने प्रिंटर नाद सोडून देतात आणि पुन्हां प्रयत्न करीत नाहींत. उपाय सोपा : वीज आल्यावर पांच मिनिटें थांबून मग एकटा प्रिंटर बंद-चालू करावा. राउटर इन्व्हर्टरवर असल्यास उत्तमच. लेझर प्रिंटर मात्र सामान्य घरगुती इन्व्हर्टरवर ठेवूं नये. त्यांतील शाई-भुकटी कागदावर पक्की करणारा भाग तापतांना शेंकडों वॅट वीज ओढतो.

वीज वाचविण्यासाठीं प्रिंटर कांहीं वेळानें झोंपतो, आणि तें योग्यच आहे. कांहीं यंत्रांची झोंप मात्र इतकी गाढ असते कीं, जाळ्यावरील हांकहि त्यांच्या कानीं जात नाहीं. आणि ‘ऑटो ऑफ’ची सोय चालू असेल तर तीं ठराविक तासांनीं चक्क बंदच होतात. सेटिंग्जमध्यें ‘ऑटो ऑफ’ बंद करावें व ‘स्लीप’ राहूं द्यावें. झोंपलेल्या यंत्रास छापण्यापूर्वीं एखादी कळ दाबून जागें केलें म्हणजेहि पुष्कळदां भागतें.

संगणकाचा हेका

ब्राउझरमध्यें प्रिंटरचें पान उघडतें आणि तरी छापलें जात नाहीं, अशा वेळीं संगणकाकडे वळावें. विंडोजमध्यें प्रिंटरच्या रांगेची खिडकी उघडली असतां कांहीं आवृत्त्यांत तिच्या यादींत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ असें वाक्य दिसतें; त्यावर खूण असेल तर ती काढावी. मॅकवर रांग ‘पॉज’ झालेली असल्यास ‘रिझ्यूम’ दाबावें.

दुसरें, प्रिंटर आपोआप बसविला असतां विंडोज पुष्कळदां ‘डब्ल्यूएसडी’ नांवाचें पोर्ट वापरतें. हें प्रिंटरनें दिलेल्या पुकारीवर विसंबतें. पुकार ऐकूं आली नाहीं कीं, ‘ऑफलाइन’. त्याऐवजीं प्रिंटर प्रॉपर्टीजमधील ‘पोर्ट्‌स’ या सदरांत ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ नवें करून त्यांत आपला राखीव पत्ता लिहावा. तेथेंच ‘कॉन्फिगर पोर्ट’मध्यें ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी एक खूण असते. या वाटेनें संगणक प्रिंटरला त्याची प्रकृति विचारीत असतो. कांहीं प्रिंटर छापण्यास तयार असूनहि या प्रश्नास उत्तर देत नाहींत, आणि नाहक गैरहजर ठरतात. ती खूण काढून पाहावी.

तिसरें, रांगेंत अडकलेलें काम. कागद निघेना म्हणजे माणूस पुन्हां ‘प्रिंट’ दाबतो, मग पुन्हां, मग दुसरा कोणी येऊन दाबतो. प्रत्येक दाबणें रांगेंत उभें राहतें. प्रिंटर शुद्धीवर आला म्हणजे मुंजीच्या एकाच यादीच्या सात प्रती धडाधड बाहेर पडतात, आणि शाईची किंमत ठाऊक असलेलें माणूस कपाळाला हात लावतें. म्हणून नियम करावा : एकदां दाबून कागद आला नाहीं तर दुसऱ्यांदा दाबूं नये, रांग उघडून पाहावी आणि जुनीं कामें रद्द करावीं. तीं रद्दहि होत नसतील तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्यें ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून पुन्हां सुरू करावा.

नवा प्रिंटर घ्यावा काय ?

कंटाळून नवा प्रिंटर आणणारीं घरें थोडीं नाहींत. पण दोष पत्त्यांच्या वांटपांत किंवा दोन चुलींत असेल, तर नव्या यंत्रासहि तेंच दुखणें जडतें. पैसे जातात, कटकट राहते. राउटरच्या शेजारीं ठेवून, राखीव पत्ता देऊनहि संबंध वारंवार तुटत असेल, आणि यूएसबीच्या तारेनें तोच प्रिंटर उत्तम छापीत असेल, तर मात्र त्याचा वायफायचा भाग थकला असें मानण्यास हरकत नाहीं. तेव्हांहि तो टाकून देण्याचें कारण नाहीं. मागील बाजूस जाळ्याच्या तारेचें भोंक असल्यास राउटरपासून तार ओढावी. बिनतारी ही सोय आहे, व्रत नव्हे. जेथें तार नेतां येते तेथें ती नेण्यांत कमीपणा कसला?

एक सूचना राउटर बदलणाऱ्यांसाठीं. नव्या राउटरलाहि वायफायचें जुनेंच नांव व जुनाच पासवर्ड द्यावा. मग घरांतील बहुतेक यंत्रें, प्रिंटरसह, आपोआप जोडलीं जातात. राखीव पत्त्याची नोंद मात्र नव्या राउटरमध्यें पुन्हां करावी.

घरची वही

शेवटीं सर्वांत महत्त्वाचा उपाय, आणि त्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. घरांत गॅसचें पुस्तक असतें, विजेच्या बिलांची फाइल असते. तशी एक लहान वही या यंत्रांसाठीं करावी. तींत प्रिंटरचा राखीव पत्ता व मॅक क्रमांक, राउटरच्या पानाचा पत्ता, वायफायचें नांव, कोणत्या दिवशीं काय बदललें, आणि वर सांगितलेले चार प्रश्न स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे. पासवर्डहि लिहावे, पण मग ती वही भिंतीवर न टांगतां किल्ल्यांच्या जागीं ठेवावी.

यंत्रांचा कारभार घरांतल्या एखाद्या तरुण पुरुषाचा, आणि बाकीच्यांनीं त्याला हाक मारावयाची, ही समजूत आतां सोडली पाहिजे. जी गृहिणी वीस माणसांच्या पंक्तीचा हिशेब तोंडानें सांगते, जे आजोबा चाळीस वर्षें कचेरीचीं दप्तरें सांभाळून निवृत्त झाले, त्यांना चार प्रश्न क्रमानें विचारणें जड जाईल असें मानणें हा त्यांचा अपमान आहे. त्यांना आजवर कोणीं शांतपणें बसून समजावून दिलें नाहीं, एवढेंच खरें. ज्यास येतें त्यानें प्रत्येक वेळीं घाईनें स्वतः दुरुस्त करून उठून जाण्याऐवजीं, एकदां आईच्या किंवा वडिलांच्या हातून तें करवून घ्यावें. अर्धा तास जास्त जाईल, पण पुढचीं दहा वर्षें वांचतील. एका डोक्यांत असलेली विद्या त्या माणसाबरोबर परगांवीं जाते. वहींत लिहिलेली आणि चौघांच्या हातांत बसलेली विद्या घरांत राहते.